घासाची वेळ

गुरुवार, ११ डिसेंबर. सकाळी अकरा. शाळेचं पटांगण. उपस्थित: मुख्याध्यापिका देशमुख बाई, संस्थेचे चिटणीस, सर्व शिक्षक, शिपाई बाळूमामा, तुझे मिस्टर, सटाण्याहून आलेली तुझी बहीण, पहिली ते चौथीची मुलं. सभा संपेपर्यंत जागेवर राहिला नाही असा एकच वर्ग: इयत्ता तिसरी. तुझा.

सुरेखा, तुझ्या शोकसभेची ही नोंद मी केली, कारण शाळेत नोंदी मीच करते. पण तिसरी जागेवर का नव्हती हे त्या नोंदीत मावलं नाही, म्हणून हे वेगळं लिहायला बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आल्या यादीबाई." म्हण. आज चालेल मला.

आज रविवार. गेल्या रविवारी सकाळी ओट्यापाशी उभी असतानाच तुला कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं तुझे मिस्टर म्हणाले. आपण दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. तू गेल्यापासून मी रोज सकाळी चहा ठेवताना गॅसशेजारची भिंत धरते. हे कुणाला सांगितलेलं नाही. पण ही भीती लहान आहे. मोठी भीती आठ वर्षांची आहे, दोन वेण्या घालते आणि तिसरीत पहिल्या बाकावर बसते.

आर्या निकमला साखरेचा आजार आहे हे तुझ्या पाण्याच्या बाटल्यांमुळे कळलं होतं. तेव्हा ती दुसरीत होती आणि तो वर्गही तुझ्याचकडे होता. खिडकीत सगळ्यांच्या बाटल्या ओळीने उभ्या करायची तुझी पद्धत. येता-जाता तू पातळी बघायचीस आणि ओरडायचीस, "ए, पाणी काय शोभेला आणलंय का?" बाकीच्यांच्या मागे लागावं लागायचं. एकच बाटली न सांगता रिकामी व्हायची, भरायची, पुन्हा रिकामी व्हायची. सगळ्या वर्गांची प्रगतिपुस्तकं माझ्याकडे यायची, आणि त्याच दिवसांत मी आर्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिणार होते: 'वर्गात लक्ष देत नाही, वारंवार बाहेर जाते.' तू माझ्या हातातून पेन काढून घेतलंस.

"लक्ष द्यायला आत काहीतरी असावं लागतं मीना. या पोरीचं काहीतरी बिघडलंय. वाळत चाललीय ती."

"मग आईवडिलांना कळवू की. पण शेरा खरा आहे."

"शेरा खरा आहे, पण पोरीबद्दलचा नाही."

त्या संध्याकाळी तू तिच्या घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले म्हणे की आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं. तो शेरा मी लिहिला नाही. आर्या परत आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या आईला आणि तुला शेजारी शेजारी बसवून शिकवलेलं होतं: बोटाला टोचून साखर कशी बघायची, जेवणाआधी ती पेनातून इन्सुलिन घेते तेव्हा शेजारी बसून आकडा कसा तपासायचा, साखर खाली गेली तर काय द्यायचं. शिकलीस तू आणि घाबरले मी. तेव्हापासूनची ही वाटणी आहे.

तुझं-माझं भांडण मात्र आर्याच्याही आधीचं. मी वेळापत्रक करणारी, तू ते मोडणारी. मुलं आत आली की कुठलीही बाई विचारेल, गृहपाठ केला का. तू विचारायचीस, "काल किती वाजता झोपलात?" जो डोळे चोळत असेल त्याला आधी कुंड्यांना पाणी घालायला पाठवायचीस. गणिताच्या आधी अख्ख्या वर्गाला पटांगणाला एक फेरी मारायला लावायचीस. मी दारात उभी राहून घड्याळ दाखवायचे.

"सुरेखा, तुझं गणित चौथ्या तासाला सुरू होतं."

"आणि पाचव्याला संपतं. तुमचं पहिल्याला सुरू होतं आणि मार्चपर्यंत चालतं."

"मुलं शाळेत शिकायला येतात."

"आली का पण? बघ तरी."

"आलीत की. हजेरी घेतलीय मी."

"हजेरी लागलीय गं. पोरं अजून यायचीत."

हे भांडण आपण इतक्या वर्षांत संपवलं नाही. मला वाटायचं, रिटायर झाल्यावर तुझ्या गच्चीत बसून संपवू.

आर्या दवाखान्यातून परत आल्यावर तू घास सुरू केलास. दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाच्या मधे वर्ग थांबायचा. सगळे रांगेने नळावर हात धुवायचे, परत येऊन छोटी डबी उघडायचे. फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, पेरूची फोड, कुणाची रात्रीची पोळी गूळ-तूप लावून. आर्याला त्या वेळेला खावं लागतं म्हणून सगळ्यांनी खायचं. रांग नळाशी असताना तू भिंतीच्या कडेला तिची साखर बघून घ्यायचीस. चाळीस पोरं हात झटकत, एकमेकांवर पाणी उडवत असायची, तिच्याकडे बघायला कुणाला फुरसत नसायची. मी म्हटलं होतं, एकट्या आर्याला स्टाफरूममध्ये बोलावून खायला दिलं तर तास वाचेल. तू म्हणालीस, "स्टाफरूममध्ये ती आजारी होईल. वर्गात ती फक्त भुकेली आहे."

पालकसभेत एकाने विचारलं होतं, "शाळेत पंगती बसवता का बाई?" तू म्हणालीस, "हो. तुमचा मुलगा आग्रह करून वाढतो, गुणी आहे." सगळे हसले आणि विषय संपला. मला तसं बोलता येत नाही. मला परिपत्रक काढता येतं.

आणि मी तेच केलं होतं. तू चमच्याने डब्यावर वाजवून घासाची वेळ सांगायचीस. पलीकडच्या चौथीला त्याचा त्रास व्हायचा, म्हणून मी घास वेळापत्रकात बसवला आणि बाळूमामाला सांगून एक टोल मिळवून दिला. तू हात जोडलेस. "झाला का माझा घास सरकारी?" चमचा कपाटात गेला.

आता गुरुवार. तू गेल्यावर तीन दिवस आर्याला आईने घरीच ठेवलं होतं, तुझ्या सभेसाठी म्हणून पाठवलं.

तुझ्या सभेची तयारी माझी होती. फोटो, हार, माईक, बोलणाऱ्यांचा क्रम, पाहुण्यांना पाणी, कुठला वर्ग कुठे बसेल. सगळं झालं होतं. आपल्याकडे शोकसभेच्या दिवशी घंटा वाजत नाही, तुला माहीत आहे. बाळूमामाने सकाळी विचारलं, "मॅडम, दिवसभर बंद ना?" मी म्हटलं, "दिवसभर." त्यात चुकीचं काही आहे असं त्यालाही वाटलं नाही, मलाही नाही. तुझ्यासाठी घंटा बंद ठेवणं आम्हाला योग्यच वाटलं.

चिटणीस बोलायला उभे राहिले आणि बसेचनात. 'अहिरे बाई म्हणजे मूर्तिमंत शिस्त,' असं ते म्हणाले तेव्हा तुझ्या बहिणीने माझ्याकडे बघितलं. मला हसू येणार होतं. त्याच वेळी तिसरी चुळबुळायला लागली. आधी दोघं-तिघं मागे वळून घंटेकडे बघायला लागले. मी डोळे मोठे केले. मग कडेची मुलगी उठली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता तुझी सगळी तिसरी न बोलता, रांगेत, नळाकडे निघाली. माईकवर तुझी शिस्त चालू होती आणि इकडे नळ सुटले.

मी धावले. आवाज दाबून म्हटलं, "काय चाललंय? बाईंचीच सभा आहे ना? बसा जागेवर!"

सायली वाघ पुढे होती. आर्याच्या शेजारी बसते ती. ओले हात स्वेटरला पुसत म्हणाली, "मॅडम, घासाची वेळ झाली."

"आज घंटा नाहीये बाळा."

"पण भूक लागली ना."

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "घंटा नसली तरी खायचं, असं बाईंनी सांगितलंय." आणि मग सायली म्हणाली, "मॅडम, आर्या उठतच नाहीये."

मी वळून बघितलं. सगळा वर्ग उठून गेलेल्या त्या सतरंजीवर एकटी आर्या बसली होती. डिसेंबरची थंडी, पोरांच्या अंगात स्वेटर, आणि हिच्या कपाळावर घाम. ती सतरंजीचे दोरे उपटत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "आर्या, चल, ऊठ." तिने माझा हात झिडकारला. "नाही. मी नाही येणार. जा तुम्ही."

सुरेखा, मी तिला रागावणार होते. तोंड उघडलंही होतं. मग तुझं बोलणं आठवलं. एकदा व्हरांड्यातून जाताना तू मला सांगितलं होतंस, मी फाइल चाळत होते म्हणून तुला वाटलं असेल मी ऐकत नाही: "ती हट्ट करायला लागली की रागवायचं नाही. आधी साखर बघायची. तो हट्ट तिचा नसतो."

साखर बघायचं यंत्र तुझ्या कपाटात. कपाटाची किल्ली तुझ्या जुडग्यात. जुडगा तुझ्या मिस्टरांच्या खिशात, आणि ते पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेले. मी त्यांच्याकडे जायला निघाले, परत फिरले, पुन्हा निघाले. इतक्या वर्षांत शाळेतला एकही कार्यक्रम माझ्या हातून विस्कटलेला नाही आणि मी पटांगणाच्या मधोमध उभी राहून कुठल्या बाजूला जायचं ते ठरवू शकत नव्हते.

सायलीने कंपासपेटी उघडली. आत पट्टीखाली ग्लुकोजची पुडी होती. तू ठेवायला दिलेली. तिने ती आर्याच्या तळहातावर ओतली आणि म्हणाली, "चाट गं, नाटकं नको करू." आर्याने तिच्याकडे रागाने बघितलं आणि चाटली. पुन्हा ओतली, पुन्हा चाटली. सायलीने बाटलीतलं पाणी पाजलं. मी गुडघ्यावर बसून आर्याचा दुसरा हात धरला होता. तो गार होता.

बाळूमामाने तुझ्या मिस्टरांकडून किल्ली आणली, यंत्र आलं. माझ्या हातून त्याची पट्टी दोनदा खाली पडली. तोवर आर्याचा चेहरा जरा माणसात आला होता. ती हळूच म्हणाली, "द्या मॅडम, मी करते." तिने स्वतःच टोचलं. आकडा अजून कमीच होता. आणखी ग्लुकोज दिलं, थांबलो, पुन्हा बघितलं, तेव्हा तो वर चढायला लागला. मग तिने लाडू खाल्ला. तिच्याभोवती तिसरी गोल करून बसली होती, डब्या उघडून, फुटाणे खात. माईकवरून सूचना आली, 'आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.' तिसरी उभी राहिली. अर्ध्या पोरांचे गाल भरलेले होते. आर्या बसून होती आणि मी तिच्याशेजारी. तुझ्यासाठी मी उभी राहिले नाही. तुला ते कळलं असेल असं मी धरून चाललेय.

आर्याच्या वडिलांना, निकमांना, फोन केला. ते सातपूरहून कंपनीच्या गणवेशातच आले, हेल्मेट न काढता. मला वाटलं आता ओरडतील. ते आर्याकडे बघून आले आणि माझ्यासमोर बसले.

"मी भांडायला नाही आलो मॅडम."

"तुमचा अधिकार आहे."

"तसं नाही. आम्हाला कंपनीत मोबाइल बाहेर ठेवायला लागतो. अहिरे बाई होत्या तोवर मी निवांत मशीनवर उभा राहायचो. आज गेटवरून निरोप आला ना, लय घाण वाटलं." त्यांनी हेल्मेट काढलं. "तिची आई म्हणते, नको आता शाळा. घरी शिकवू. बाहेरून परीक्षा देऊ."

"अहो, ती आता कुठे वजाबाकी करायला लागलीय. वर्ग सोडून तिचं—"

"मला कळतंय. मला फक्त एक नाव सांगा. शाळेनं काळजी घेऊ, असं नको. माणसाचं नाव. सोमवारी सकाळी मी कुणाकडं बघून पोरगी सोडायची?"

मी म्हटलं, "रविवारी सातपर्यंत कळवते."

शुक्रवारी बैठक झाली. तू असतीस तर टेबलाखालून मला लाथ मारली असतीस. एकीला रक्त बघवत नाही. एक म्हणाल्या, "उद्या काही बरंवाईट झालं तर आपलंच नाव येईल." एकांना वाटत होतं, पालकांनी घरून कुणीतरी बसवावं. देशमुख बाई म्हणाल्या, "आपण परिचारिकेसाठी ठराव करून पाठवू." ठराव मी लिहिला. चांगला लिहिला. तो कधी मंजूर होईल ते कुणालाच माहीत नाही. मी मात्र कुणाला दोष देऊ शकले नाही, कारण 'मी घेते' असं मीही म्हटलं नव्हतं.

मला तुझा राग आलाय सुरेखा. तू हे सगळं एकटीने का केलंस? मी म्हणत होते, कागदावर उतरवून ठेव, दुसऱ्या कुणाला तरी शिकव. तू म्हणायचीस, "ये ना, तूच ये, आत्ता दाखवते," आणि सुईचं टोपण काढायचीस. मी मागे व्हायचे. तू हसायचीस. "बरं, उद्या." मग आपण चहा प्यायला जायचो.

काल शनिवारी मी निकमांच्या घरी गेले. न सांगता गेले, म्हणजे मागे फिरता येणार नाही. आर्याच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं. आर्या आतून पुस्तक घेऊन आली. मी म्हटलं, "मला शिकव." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिने यंत्र आणलं, नवी सुई लावली आणि एकदम बाईच झाली.

"आधी हात धुवा. साबणाने. नीट पुसा."

धुतले, पुसले.

"मधे नाही टोचायचं. कडेला. तिथं कमी दुखतं."

"अहिरे बाई फुंकर मारायच्या का गं?"

"फुंकरीने जंतू लागतात मॅडम," असं म्हणून तिने माझी कीव केली. "बाई नुसत्या बोलत राहायच्या. मग कळायचं नाही."

"काय बोलायच्या?"

"काहीपण. कधी तुमचं सांगायच्या."

"माझं काय?"

ती आईकडे बघून हसली. "म्हणायच्या, मीना मॅडमनी आज डास मारायची यादी केलीय."

तिची आई पहिल्यांदा हसली. त्याच क्षणी मी माझ्याच बोटाला टोचलं. फार दुखलं नाही. रक्ताचा थेंब आला, पट्टीने तो ओढून घेतला, आकडा आला. माझाही आकडा फार बरा नव्हता, तो विषय वेगळा. मग आर्याची साखर मी बघितली. तिने बोट पुढे केलं आणि माझ्याकडे न बघता पुस्तकातलं पान उलटलं. तिला माझी भीती वाटली नाही. मला तिची इतकी वाटत होती की निघताना चप्पल उलटी घातली.

दारात तिची आई म्हणाली, "मॅडम, एकदा बघणं वेगळं आणि रोजचं वेगळं." मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? खरं होतं ते. मला तेच वाटतंय. एखादे दिवशी परीक्षेच्या पेपरांत माझी मान खाली असेल. एखादे दिवशी ती गप्प बसेल आणि मला ते नुसतं शहाणपण वाटेल. तू पोरांकडे बघत बघत इतर कामं करायचीस. मी कामं करत करत पोरांकडे बघते. या वयात ते उलटं होईल का, मला माहीत नाही.

पण गुरुवारची ती रांग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चाळीस पोरं कुणी न सांगता हात धुवायला उठली. ते तू कागदावर उतरवलं नव्हतंस. कुठे उतरवलंस ते मी बघितलं. आपल्या भांडणातला तो एक मुद्दा तुझा. बाकीचे अजून माझ्याकडे आहेत आणि आता ते मी कुणाला ऐकवायचे?

संध्याकाळ झालीय. उद्याची तयारी झाली. तुझ्या मिस्टरांनी कपाटाची किल्ली दिलीय, तिची आणखी एक करून घेतली. यंत्राच्या पट्ट्या आणल्या. ग्लुकोजच्या पुड्या पहिल्या तीन बाकांवरच्या कंपासपेट्यांसाठी बांधून ठेवल्या. डॉक्टरांकडून सगळ्या सूचना लिहून आणल्या, इन्सुलिनच्या वेळी समोर काय काय तपासायचं तेही, त्यांचा नंबर मोबाइलमध्ये घातला. बाळूमामाला सांगितलं, कुणीही गेलं तरी घासाचा टोल द्यायचा, मी गेले तरी. तो म्हणाला, "असं बोलू नका मॅडम." तुझा चमचा कपाटात मागच्या बाजूला होता. तो माझ्या पर्समध्ये टाकलाय. घंटेचा भरवसा नाही.

प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण झालीय. निकम सात वाजल्यापासून फोनची वाट बघत असतील. मी तीनदा नंबर काढला आणि परत ठेवून दिला. त्यांना माणसाचं नाव सांगायचं आहे. तेवढं राहिलंय.